औषधांच्या जोडीला शिक्षण

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असून औषधांनी तो बराच सावरला आहे. ऑनलाइन मनोशिक्षणवर्गाचा (आजार समजून घ्यायला व सांभाळायला शिकवणाऱ्या वर्गाचा) त्याला उपयोग होईल का? – एक भगिनी, सातारा

उत्तर : निश्चित होईल, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध थांबवू नये. २००९ मध्ये लंडनच्या नैर्ऋत्य भागात सुरू झालेल्या ‘रिकव्हरी कॉलेज’ या मानसिक आजारातून सावरायला शिकवणाऱ्या केंद्रात आजार स्वतः अनुभवलेल्या व्यक्ती आणि तज्ज्ञ मिळून अभ्यासक्रम आखतात व शिकवतात, आणि येणाऱ्याला विद्यार्थी म्हणूनच प्रवेश मिळतो, ऑनलाइन वर्ग निवडताना हीच गोष्ट मी सर्वप्रथम पाहीन. झोप बिघडणे, संशय वाढणे यांसारखी आजार उलटण्याची पूर्वलक्षणे ओळखायला शिकवणारा वर्ग तुम्हीही भावासोबत करावा, कारण ती अनेकदा घरच्यांनाच आधी दिसतात. तातडीच्या मदतीसाठी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.