बातमीतला आकडा वाचताना: कशापैकी, कोणापैकी, कोणत्या हद्दीत?

आपला प्रश्न असा आहे की, वाहतूक, आजार, बेरोजगारी यांविषयी रोज नवे आकडे छापून येतात आणि त्यांतले काही एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी संख्याशास्त्र न शिकलेल्या वाचकाने ते कसे पारखावेत, की सगळेच आकडे सोयीने बनवलेले असतात असे समजून सोडून द्यावेत? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. सोडून देऊ नयेत. मूळ अहवालातून घेतलेला आकडा सहसा बनावट नसतो. तो कोणत्या गटातून, कोणत्या व्याख्येने आणि कोणत्या काळासाठी काढला आहे, ही माहिती मात्र मथळ्यापर्यंत येताना गळून पडते. वाचकाला तीच परत शोधावी लागते.

आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. रस्त्यांचे नकाशे व दिशादर्शन पुरवणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे चौथे आले आणि २०२५ च्या जानेवारीत ‘जगातील चौथे सर्वांत संथ शहर’ अशा बातम्या झळकल्या. त्या यादीत ६२ देशांतील ५०० शहरे होती, म्हणून ‘जगात’ या शब्दाचा अर्थ तेवढाच घ्यायला हवा. आता क्रमांक बाजूला ठेवून मूळ मोजमाप पाहा. दहा किलोमीटर जाण्यासाठी पुण्यात सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागले, पाचव्या लंडनमध्ये ३३ मिनिटे १७ सेकंद आणि दहाव्या डब्लिनमध्ये ३२ मिनिटे ४५ सेकंद. चौथ्या आणि दहाव्या शहरात चाळीस सेकंदांचाही फरक नाही; आपल्याकडे एखाद्या मोठ्या चौकातल्या सिग्नलला याहून अधिक वेळ जातो. वर्षावर्षांची तुलना तर आणखी जपून करायला हवी. २०२३ च्या यादीत पुणे २७ मिनिटे ५० सेकंदांसह सातवे होते, तेव्हा वर्षभरात साडेपाच मिनिटांची भर पडली असे कोणीही म्हणेल. पण त्याच काळात लंडनचा वेळ ३७ मिनिटे २० सेकंदांवरून चार मिनिटांनी घटलेला दिसतो आणि यादीतील शहरे ३८७ वरून ५०० झालेली दिसतात. दोन महानगरांचे आकडे एका वर्षात असे विरुद्ध दिशांना एवढे सरकले, तर रस्त्यांवर काय बदलले हे विचारण्याआधी मोजण्याच्या रीतीत काय बदलले हे विचारावे. सिंहगड रस्त्यावर रोज अडकणाऱ्या माणसाचा त्रास यामुळे खोटा ठरत नाही. त्या त्रासाचा पुरावा म्हणून क्रमांक फार कच्चा आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरे उदाहरण जुने असले तरी त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी पुण्यात कोविडच्या प्रतिपिंडांची, म्हणजे संसर्ग होऊन गेल्यावर रक्तात तयार होणाऱ्या घटकांची (अँटिबॉडीज), पाहणी केली. १,६६४ जणांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले, त्यांपैकी ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आणि ‘निम्म्या पुण्याला कोरोना होऊन गेला’ असे लोक बोलू लागले. त्यावर आक्षेप आला तो असा की, एवढ्या मोठ्या शहरासाठी दीड-पावणेदोन हजार माणसे कशी पुरतील? खरे तर पुरतात. सर्व शहरातून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या तेवढ्या माणसांवरून काढलेली टक्केवारी साधारण अडीच टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर येते. अडचण संख्येत नव्हती, निवडीत होती. तेव्हाच्या ४१ प्रभागांपैकी फक्त पाच प्रभागांत ही पाहणी झाली आणि ते पाच प्रभाग संसर्ग जास्त असल्यामुळेच निवडलेले होते. संशोधकांनी हे लपवलेही नव्हते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेल्याच्या करपलेल्या तळाचे शीत उचलले तर वरच्या भाताबद्दल ते काही सांगत नाही. शिवाय त्या पाच प्रभागांतही प्रमाण ३६.१ पासून ६५.४ टक्क्यांपर्यंत बदलत होते, ते एका सरासरीत दिसेनासे झाले. पाहणी चांगली होती आणि उपयोगीही होती, पण तिचे उत्तर त्या पाच प्रभागांपुरते होते.

‘धोका दुप्पट’ हा मथळा दिसला की दुप्पट म्हणजे किती आणि किती जणांमागे, हे आधी शोधावे. १९९५ साली ब्रिटनमध्ये विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात तो सुमारे सात हजार स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. पण घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये गर्भपातांची संख्या सुमारे १३ हजारांनी वाढली. एका अपुऱ्या वाक्याची किंमत इतकी मोठी असू शकते, याचे मला आजही वाईट वाटते.

बेरोजगारीच्या आकड्यांत व्याख्या तपासावी. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साठी १५ वर्षांवरील व्यक्तींचा दर वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून (वर्षभरात माणूस मुख्यतः काय करत होता) ३.२ टक्के, तर आठवड्याच्या स्थितीवरून (मागच्या सात दिवसांत काय करत होता) ४.९ टक्के येतो. दोन्ही बरोबर आहेत. २०२५ पासून निघणारे मासिक आकडे आठवड्याच्या व्याख्येवर आधारलेले आहेत. ते जुन्या ३.२ शी ताडून ‘बेरोजगारी एकदम वाढली’ असे कोणी लिहिले, तर ती तुलना मुळातच चुकीची आहे.

सगळेच आकडे सोडून दिले तर काय गमावतो, ते २०२५ च्या जानेवारीत दिसले. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि महिनाअखेरीस संशयित रुग्ण शंभराच्या पुढे गेले. ‘एवढ्या मोठ्या शहरात शंभर म्हणजे काय’ असे म्हणणारी माणसे भेटत होती. हा आजार एरवी वर्षाला लाखामागे एक-दोघांना होतो. २०११ मध्ये पुणे नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ५० लाख होती. आज ती दुप्पट झाली असे धरले तरी वर्षाला १०० ते २०० रुग्ण, म्हणजे महिन्याला आठ ते सोळा. काही आठवड्यांत शंभराहून अधिक, आणि त्यांतले बरेच एका पट्ट्यात, हे योगायोगाने घडत नाही. ‘संशयित’ या शब्दाकडे लक्ष देऊन, बाहेरगावचे रुग्ण वजा करूनही चिंता उरत होती. येथे लोकसंख्येचा अंदाज बराच चुकला असता तरी निष्कर्ष बदलला नसता, आणि आकडा किती भक्कम आहे हे पाहण्याची ही चांगली कसोटी आहे.

शहराशहरांची तुलना मात्र या कसोटीवर सहसा टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली, त्यांतली दोन पुढे वगळली गेली, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. वर उल्लेखिलेली नांदेड, किरकटवाडी ही गावेही या समाविष्ट गावांतलीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालातही महानगरांचे गुन्ह्यांचे दर २०११ च्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, त्यामुळे वेगाने वाढलेल्या शहराचा दर वास्तवापेक्षा जास्त दिसतो. २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत, पुण्याबद्दल ‘दर लाखामागे’ असे वाचल्यावर लोकसंख्या किती धरली आहे आणि ती कोणत्या हद्दीची आहे, हे मूळ अहवालात पाहावे. ते सापडले नाही, तर मूळ संख्या तेवढी लक्षात ठेवावी आणि दराची दुसऱ्या शहराशी तुलना करू नये.