अ‍ॅनिमेशन शिकताना जाहिरातींमधलं व्हीएफएक्स (शूटनंतर दृश्यात केलेली करामत) बघून काही शिकता येतं का, की चित्रपटच बघावेत?

येतं. चित्रपटांपेक्षा जास्तच येतं.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचे सर म्हणतात, जाहिरातीतलं काम म्हणजे अ‍ॅनिमेशन नव्हे, पोटापाण्याचा धंदा. म्हणून ते शोरीलमध्ये, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या आपल्या कामाच्या व्हिडिओत, टाकावं की नाही ते कळत नाही. ते वाचूनच उत्तर लिहायला बसले, नाहीतर असे प्रश्न मी पुढे ढकलते. हेच वाक्य मी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका संस्थेत, एसी बंद पडलेल्या वर्गात ऐकलंय. तुमचे आणि माझे सर एकच नसावेत अशी आशा करते.

पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाने आपल्या आवडत्या अ‍ॅनिमेशनवर दहा मिनिटं बोलायचं होतं. सगळ्यांनी जपानी, नाहीतर अमेरिकन सिनेमे आणले. मी झूझू नेले, अंड्यासारख्या डोक्याची ती पांढरी पात्रं. 2009 च्या आयपीएलला व्होडाफोनच्या त्या जाहिराती लागायच्या तेव्हा मी दुसरीत होते. षटक संपलं की बाबा चॅनेल बदलायला रिमोट शोधायचे आणि तो माझ्या मांडीखाली असायचा. मला ते कार्टूनच वाटायचं. सर मागच्या बाकावरून म्हणाले, "अगं, आत माणसं आहेत. ह्यात अ‍ॅनिमेशन कुठाय?" वर्ग हसला. सात मिनिटं शिल्लक होती, मी खाली बसले.

घरी येऊन शोधलं तर सर बरोबर होते. जाहिराती ओगिल्व्ही ह्या जाहिरात कंपनीच्या, दिग्दर्शक प्रकाश वर्मांच्या निर्वाणा फिल्म्सने केपटाउनला जाऊन शूट केलेल्या. पांढऱ्या कापडाच्या पोशाखात माणसं, चेहऱ्यावरचे भाव रबराचे, वरून चिकटवलेले. कॅमेराही नेहमीपेक्षा कमी, सेकंदाला 20 फ्रेमवर, म्हणजे 20 चित्रांवर चालवलेला, त्यामुळे पडद्यावर चाल किंचित झटपट आणि तुटक दिसते. माणसाचं माणूसपण पुसायला त्यांना कॉम्प्युटर लागला नाही. कापड, रबर आणि फ्रेमरेटवर भागलं. हे कळल्यावर मला ती जाहिरात दुप्पट आवडायला लागली. सरांच्या लेखी ती त्याच कारणाने बाद होती. आमचं भांडण तिथून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर अजून संपलेलं नाही.

आता मोदकाचं सांगते.

तिसऱ्या वर्षाला गणपतीच्या आधी नौपाड्यातल्या एका मिठाईवाल्याची जाहिरात मिळाली. वीस सेकंद, आठ हजार रुपये, दुकानाच्या दाराशी लावलेल्या टीव्हीवर दिवसभर फिरणार. ऐरोलीच्या मित्राचा कॅमेरा होता, दुकानात अर्धा दिवस शूट केलं. शेवटचा शॉट तीन सेकंदांचा: उकडीचा मोदक, वरून तुपाची धार. दुकानात तूप ओतायला गेलो तर मालक म्हणाले, काउंटर खराब होईल, ते तुम्ही कॉम्प्युटरवर करता ना, तिथेच करा. मी म्हटलं, करते. मनात सर होतेच. म्हटलं, द्रवाचं सिम्युलेशन करून दाखवते, म्हणजे तूप कसं वाहील ते कॉम्प्युटरकडूनच काढून घेते, मग बोला.

ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोदक बनवला तो तिथे सुरुवातीलाच असणाऱ्या ठोकळ्यातून, आणि तो ठोकळा मुळात दोन मीटरचा असतो. मी माप बदललंच नाही. त्यामुळे पहिल्या टेस्टमध्ये तूप भातसा धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं कोसळलं, वर फेससुद्धा आला. माप पाच सेंटिमीटरवर आणलं, दाटपणा वाढवला, तर डिंक झाला. कमी केला तर पाणी. आठवडाभर मी डिंक आणि पाणी ह्यांच्या मधे कुठेतरी तूप शोधत होते. शेवटी एक बरं जमलं. 75 फ्रेम, एका फ्रेमला 22 मिनिटं, म्हणजे साडेसत्तावीस तास रेंडर, कॉम्प्युटर एकेक चित्र काढत बसलेला. लॅपटॉप तापतो म्हणून खाली पोळ्या निववायची जाळी घातली होती आणि आई पोळ्या ताटात टाकत होती.

रेंडर झाल्यावर तिलाच पहिलं दाखवलं. ती म्हणाली, "वॉर्निश कशाला ओततेस मोदकावर?"

मग तिने जे सांगितलं ते मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तूप असं एकसारखं पडत नाही. पळी कलली की आधी जाड गोळा सुटतो, मग धार बारीक होत दोऱ्यासारखी होते आणि शेवटी थेंब लोंबतो, पडू की नको करत. मोदकावर पडलं की ते पसरत नाही, आधी कळ्यांच्या खाचेत थांबतं, खाच भरली की मगच पुढच्या खाचेत उतरतं. माझ्या सिम्युलेशनमध्ये ते घसरगुंडीवरून आल्यासारखं थेट ताटात पोचत होतं. आईने विचारलं, "ओतून दाखवू?"

दुकानातून चाळीस रुपयांना एक असे अकरा मोदक आणले, कारण आईच्या हातच्या मोदकाला कळ्या वेगळ्या आणि शॉटमधला मोदक साच्यातला. फोनचं स्लो मोशन 240 फ्रेमवर लावलं. स्वयंपाकघरात घेतलेला पहिला टेक फुकट गेला: ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही, पण 240 फ्रेममध्ये मोदक लख्ख-अंधुक, लख्ख-अंधुक होत राहतो. म्हणून सकाळी अकराच्या उन्हात सगळं गॅलरीत मांडलं. मागे काळं हवं होतं. घरात तेवढं मोठं काळं एकच, आईची संक्रांतीची चंद्रकला साडी. ती उलटी करून दांडीवर टाकली. आईने कोपर वॉशिंग मशीनवर टेकवलं, म्हणजे हात हलत नाही, आणि पळी धरली.

"कडकडीत आहे, आत्ता पाण्यासारखंच पडणार. थांब." आम्ही थांबलो. दुसऱ्यांदा जास्त थांबलो तर तूप रवाळ झालं, धारेत कणी दिसायला लागली. परत कोमट केलं. नवव्या मोदकाला ती धार आली. जाड, मग दोरा, मग तो लोंबता थेंब. मला ओरडायचं होतं, पण फोन पुस्तकांच्या चळतीवर होता आणि चळत डुगडुगत होती.

पुढचं काम दोन रात्रींचं, आणि माझ्या मते तेच खरं काम. दर चौथी फ्रेम उचलली, त्यामुळे धार साधारण अडीच पट सावकाश पडायला लागली. काळं उडवायला ल्युमा की लावली, म्हणजे उजेड ठेव आणि अंधार काढ. चंद्रकलेचे काठ मात्र जरीचे. जरीचा काठ उन्हात चमकतो, आणि ल्युमा की त्यालाही तूपच समजते. त्यामुळे फ्रेम-फ्रेमला काठ हाताने कापावा लागला. मग गॅलरीतलं तूप दुकानातल्या मोदकावर बसवायचं: उजेडाची बाजू जुळव, रंग जुळव, मोदकाच्या कडेशी तुपाची सावली रंगव. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "मस्त. पण तूप जरा कमी वाटतंय." मी "वाढवते" म्हटलं, पिवळा थोडा उजळला आणि परत पाठवलं. ते खूश. पाच हजार आणि पेढ्यांचा बॉक्स दिला. उरलेले तीन हजार दिवाळीनंतर देणार होते. कुठल्या दिवाळीनंतर ते बोलणं झालं नव्हतं.

सरांनी शोरीलमध्ये तो शॉट चारदा मागे-पुढे करून बघितला. "सिम्युलेशन कुठाय?" म्हटलं, शूट केलंय. "मग तू काय केलंस? काढून टाक."

ह्यावर माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप रोज एकेक फ्रेम घेऊन वाढताना दाखवलं. ते कशासाठी? पैसे घालणाऱ्याला पटवण्यासाठी. म्हणजे एका अर्थी जाहिरातच की. रोप खरं होतं, करामत काळ कापण्यात होती. सोनी ब्राव्हियाची 2005 ची जाहिरात बघा, सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर 2,50,000 खरे रबरी चेंडू सोडले होते. होंडाची 2003 ची, गाडीचे सुटे भाग एकमेकांना ढकलत जातात ती, खऱ्या भागांवर आणि दोन तुकड्यांत शूट केलेली. सायलेन्सर जमिनीवर घरंगळतो तिथे तुकडे जोडलेत. तो सांधा एकदा शोधून बघा. आणि कॉम्प्युटरशिवायचं अ‍ॅनिमेशनच बघायचं असेल तर सुरेश एरियत ह्यांच्या अ‍ॅमरॉन बॅटरीच्या मातीच्या जाहिराती आहेत, आपल्याकडच्याच. जिथे खरी वस्तू जास्त चांगली दिसते तिथे ती वापरायची, आणि ती कुठे ते ओळखायला डोळा लागतो. संस्थेत बटणं शिकवतात.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. जाहिराती का बघायच्या? वीस सेकंद गुणिले टीव्हीच्या सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 500 फ्रेम. एका संध्याकाळी अख्खी जाहिरात फ्रेम-फ्रेमने बघून होते. दोन तासांच्या सिनेमात, सेकंदाला 24 धरून, 1,72,800 फ्रेम असतात. तुम्ही त्यातला एक सीन बघाल आणि बाकीच्यावर मत द्याल. जाहिरातीत वस्तू टेबलाला टेकते तिथली सावली बघा, केसांच्या कडा बघा, हलणाऱ्या वस्तूचा ब्लर मागच्याशी जुळतो का बघा. थंड पेयाच्या बाटलीवरचे थेंब घरंगळत नसतील तर ते बहुधा ग्लिसरीनचे. न वितळणारा बर्फ अ‍ॅक्रिलिकचा. हेही शिकणंच आहे.

सॉफ्टवेअर विचारलंय: ब्लेंडर फुकट आहे, तेवढं पुरतं. कम्पोझिटिंगला, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका चित्रात बसवायला, न्यूक, त्याची शिकण्यापुरती फुकट आवृत्ती मिळते.

आता माझ्या विरुद्धचं. मी सध्या घणसोलीला उतरून महापेच्या एका छोट्या स्टुडिओत रोटो करते, म्हणजे दिवसभर शॉटमधल्या लोकांच्या कडा कापते; तेव्हा मी कुणी मोठी आहे असं समजू नका. आणि एफएक्सच्या, म्हणजे पाणी-आग-धुराच्या सिम्युलेशनच्या नोकरीसाठी अर्ज करणार असाल तर आईचं तूप कामाचं नाही, त्यांना तुमचं सिम्युलेशनच बघायचं असतं. ते माप नीट लावून शिका. एका बाबतीत सर बरोबर होते, हे मला इथे आल्यावर कळलं. शॉटखाली 'तूप शूट केलेलं, माझं काम ल्युमा की आणि कम्पोझिटिंग' असं लिहायला हवं होतं, पुढे थर उलगडून दाखवायला हवे होते. मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण मला ते सिम्युलेशन वाटावं असं आतून हवंच होतं. जाहिरातीत पैसे उशिरा येतात आणि बदल रात्री अकराला येतात, हेही धरून चाला.

पण शॉट मी काढला नाही. आणि सर, चुकून हे वाचत असाल तर: 58 नंबरची फ्रेम थांबवून बघा. धारेच्या डावीकडे जो चमकता ठिपका आहे तो तुपाचा नाही, चंद्रकलेच्या काठाची जर माझ्याकडून कापायची राहिली होती. तुम्ही चारदा बघितलात.