माझी नववीतली मुलगी सारख्या इंग्रजी 'यंग अडल्ट' कादंबऱ्या वाचते. हे खरं साहित्य असतं का? की 'श्यामची आई'सारखं काही वाचायला लावावं?

साहित्य असतं. आणि तुम्ही तपशिलात जे लिहिलंय, की 'सगळी व्हॅम्पायर आणि प्रेमप्रकरणं असतात', ते दुकानातल्या पुढच्या टेबलावरून बनवलेलं मत आहे. कपाटापर्यंत ते पोचलेलंच नाही. हा वाद मी नातेवाइकांशी आणि वाचनकट्ट्यावरच्या ज्येष्ठांशी कित्येक वर्षं घालते आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

एक पुस्तक नीट उघडून दाखवते. लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'स्पीक', 1999 सालची. मेलिंडा नावाची मुलगी हायस्कूलच्या पहिल्या दिवशी, म्हणजे नववीत, शाळेच्या बसमध्ये चढते आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. सुट्टीत झालेल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला होता, त्यामुळे सगळ्यांचा राग तिच्यावर. फोन का केला हे कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. त्या रात्री तिच्यावर अत्याचार झालेला असतो. हे वाचकाला हळूहळू कळतं, कारण मेलिंडा स्वतःलाही ते सरळ सांगू शकत नाही.

आता बांधणी बघा. पुस्तकाचे चार भाग आहेत, शाळेच्या वर्षाचे चार टप्पे असतात तसे. प्रत्येक भागाच्या शेवटी मेलिंडाचं प्रगतिपुस्तक छापलंय. त्यात स्पॅनिश आणि चित्रकला यांच्या जोडीला 'जेवणाची सुट्टी' आणि 'कपडे' यांनाही श्रेणी दिलेली आहे, कारण त्या वयात तेही विषयच असतात आणि त्यातही नापास होता येतं. काही संवाद नाटकासारखे छापलेत: समोरच्याचं नाव, त्याचं वाक्य, मग 'मी' आणि पुढे कोरी जागा. आईबाबा स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवून तिच्याशी बोलतात. चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाने एक शब्द उचलायचा आणि वर्षभर त्याच गोष्टीचं चित्र करत राहायचं. मेलिंडाच्या वाट्याला 'झाड' येतं आणि तिला ते जमत नाही. ती आतून किती खचली आहे हे लेखिका कुठेही समजावत बसत नाही. झाड जमतंय की नाही यावरून वाचणाऱ्या मुलीला ते कळतं. वीस वर्षांनी, 2019 मध्ये, अँडरसन यांनी 'शाउट' हे पद्यातलं आत्मकथन लिहिलं आणि त्यात तेराव्या वर्षी स्वतःवर झालेल्या बलात्काराबद्दल उघड लिहिलं. अमेरिकेतल्या शाळांमधून 'स्पीक' काढून टाकायच्या मागण्या वारंवार झाल्या आहेत. मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद तुमच्यासारखाच असतो: या वयात हे कशाला?

कारण या वयातच ते घडतं.

आता 'श्यामची आई'. मला ते पुस्तक प्रिय आहे, त्याबद्दल गैरसमज नको. पण ते कोण सांगतंय ते पाहा. मोठा झालेला श्याम रात्री आश्रमात मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आहे. सांगणाऱ्याला सगळं आधीच कळून चुकलंय. आई गेली, आपण कुठे चुकलो, त्यातून काय शिकलो, हे त्याच्यापाशी तयार आहे. पुस्तकाची ताकद त्या मागे वळून पाहण्यातच आहे. वायएची, म्हणजे या यंग अडल्ट कादंबऱ्यांची, बांधणी नेमकी उलट. तिथे सांगणारा चौदा ते अठरा वर्षांचा असतो, घटना घडत असतानाच किंवा जेमतेम घडून गेल्यावर सांगतो आणि पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसतं. मोठ्या माणसाचं शहाणपण पानावर आलं की कादंबरी फसते. एक प्रकार दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. 'हे काढून घ्या, ते द्या' असं म्हणणाऱ्यांनी बहुधा दोन्ही लक्षपूर्वक वाचलेली नसतात.

आणि मराठीत असं लिहिलंच नाही असंही नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' 2004 साली मौजेने काढली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी स्वतःच्या तोंडाने बोलतो, शिरोडकर नावाच्या मुलीवर जीव टाकतो आणि मागे वळून शहाणपण सांगायला कोणी मोठा मुकुंद येत नाही. हीच कादंबरी अमेरिकेत निघाली असती तर तिला वायएच्या कपाटात जागा मिळाली असती. प्रकाश नारायण संतांचा लंपन, 'वनवास'पासूनच्या चारही पुस्तकांतला, त्याचंही तेच. आपण ही पुस्तकं मोठ्यांच्या कथा-कादंबऱ्यांत ठेवतो, चाळिशीत वाचून हळवे होतो आणि चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात फास्टर फेणे ठेवतो. फास्टर फेणे उत्तमच आहे, पण दहा ते बारा वर्षांसाठी. तिथून पुढे आपल्याकडे पुस्तकं आहेत, कपाट नाही. मुलगी इंग्रजीकडे वळली त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तिकडे ते कपाट कोणी बनवलं? ग्रंथपालांनी आणि वाचणाऱ्या मुलांनी, लेखकांच्या बरोबरीने. एस. ई. हिंटन यांनी ओक्लाहोमातल्या टल्सामध्ये शाळेत असतानाच 'दि आउटसाइडर्स' लिहिलं. 1967 मध्ये ते आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं छापली, कारण मुलांच्या टोळ्यांवरचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक आधीच नाक मुरडतील अशी प्रकाशकाला भीती होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी आणि मुलांनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवलं, सह्यांसकट, की यावर सिनेमा काढा. 1983 मध्ये तो निघाला.

रॉबर्ट कॉर्मियर तर माझे सगळ्यांत आवडते. मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टरचे पत्रकार. त्यांच्या मुलाने शाळेच्या निधीसाठी चॉकलेटं विकायला नकार दिला, त्यातून 'द चॉकलेट वॉर' आलं, 1974 मध्ये. शेवट काळाकुट्ट आहे. प्रकाशकांनी तो सौम्य करायला सांगितला, कॉर्मियर हलले नाहीत. 1977 च्या 'आय अ‍ॅम द चीज'मध्ये एका मुलीचा फोन नंबर म्हणून त्यांनी स्वतःच्या घरचा खरा नंबर छापला. मुलं फोन लावत, आणि तो घरात उचलला जाई. मुलांना उपदेश न करता त्यांच्याशी बरोबरीने बोलणं म्हणजे काय, हे मला त्या एका गोष्टीवरून सांगता येतं. ज्यांना वायए हा बाजाराने काढलेला नवा माल वाटतो त्यांनी ही सालं बघावीत.

माल निघतो, हेही खरं. सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' 2008 मध्ये आली आणि पुढे काही वर्षं जुलमी सरकार, परीक्षेला उभी केलेली पोरं आणि एका मुलीमागे दोन मुलगे अशा पुस्तकांची रांग लागली. नकला फसतात त्याचं कारण कारागिरीत आहे. कॉलिन्स आधी दूरचित्रवाणीसाठी लिहीत. त्यांच्या मूळ त्रयीतलं प्रत्येक पुस्तक नऊ-नऊ प्रकरणांच्या तीन भागांत बांधलेलं आहे, म्हणजे सत्तावीस प्रकरणं, आणि बहुतेक प्रकरणं अशा जागी तुटतात की पान उलटावंच लागतं. निवेदन वर्तमानकाळात, त्यामुळे नायिका कॅटनिस जगेल की नाही हे तिलाही माहीत नाही. नकला करणाऱ्यांनी पोरांना झुंजवणारं रिंगण उचललं, ही बांधणी उचलली नाही. म्हणून त्यांचं दुसरं पुस्तक हमखास ढेपाळतं: पहिल्यात जग दाखवून झालेलं असतं, तिसऱ्यासाठी लढाई राखून ठेवलेली असते, मधे नुसता प्रवास आणि रुसवे. मुलगी एखाद्या मालिकेच्या दुसऱ्या भागात अडकली तर सोडू द्या. संपवायची सक्ती करू नका.

तिने काय वाचावं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. इंग्रजी वाचनाची दमछाक होत असेल तर पद्यातल्या कादंबऱ्यांपासून सुरू करा. जेसन रेनॉल्ड्स यांची 'लाँग वे डाउन', 2017. भावाचा खून झालाय, पंधरा वर्षांचा विल कमरेला पिस्तूल लावून लिफ्टने खाली निघालाय, बदला घ्यायला. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबते आणि बंदुकीने मेलेलं एकेक माणूस आत येतं. कथेतला वेळ साधारण एक मिनिटाचा, पानावर शब्द थोडे, एका बैठकीत संपतं. हे मात्र छापील घ्या. फोनवर अक्षर मोठं केलं की ओळी भलत्या ठिकाणी मोडतात आणि कवितेची मांडणी, जी इथे अर्थाचा भाग आहे, ती जाते. फुटपाथवरच्या नकली प्रतीतही हीच भीती.

एलिझाबेथ असेवेडो यांची 'द पोएट एक्स' त्यानंतर. घरात कडक धार्मिक आई आणि वहीत लपवलेल्या कविता. हिला 2018 चं अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड आणि 2019 चं ब्रिटनचं कार्नेगी पदक, दोन्ही मिळाली. मग अँजी थॉमस यांची 'द हेट यू गिव्ह', 2017. त्यातली सोळा वर्षांची स्टार वस्तीत एक इंग्रजी बोलते आणि श्रीमंत शाळेत दुसरं. वस्तीतली वाक्यं व्याकरणाच्या पुस्तकासारखी नाहीत, म्हणून ती चूक ठरत नाहीत. घरी बोली आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ते लगेच समजतं, पालकांनाच सांगावं लागतं. वॉल्टर डीन मायर्स यांची 'मॉन्स्टर' थोडी नंतर द्या. खुनाच्या खटल्यात उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा स्वतःच्या खटल्याची पटकथा लिहितो, मधे डायरीची पानं येतात, आणि तो खरं सांगतोय का हे शेवटपर्यंत टोचत राहतं. ग्रंथपालांनी सुरू केलेला प्रिंट्झ पुरस्कार 2000 साली पहिल्यांदा दिला गेला, तो या पुस्तकाला. निवड करायची असेल तर त्या पुरस्काराची यादी विक्रीच्या यादीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

वाचताना प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडू देऊ नका. जो शब्द पुन्हा पुन्हा येईल तेवढाच बघायचा. तीस-चाळीस पानांत सांगणाऱ्याचा आवाज पकडला गेला नाही तर पुस्तक बदला. आवाज हेच तिथलं मुख्य भांडवल आहे, तो जमला नाही तर पुढे कथानक वाचवत नाही.

तुमची काळजी एका बाबतीत रास्त आहे. दुकानात वायएच्या शेजारी जे ठेवलं जातं ते सगळं वायए नसतं. कॉलीन हूवर बहुतांशी मोठ्यांसाठी लिहितात, मुखपृष्ठ कितीही कोवळं दिसो. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' 2015 मध्ये वायए म्हणून निघाली, पण नंतर प्रकाशकानेच ती मोठ्यांच्या विभागात हलवली. त्या मालिकेत उघड शरीरसंबंधांची वर्णनं आहेत, नववीला नको. अमेरिकी आवृत्तीच्या मलपृष्ठावर किंवा आतल्या घडीवर बहुधा 12 किंवा 14 वर्षांपुढील असा आकडा असतो, तो बघा. आणि मुलगी सध्या खचलेली असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर आत्महत्येभोवती फिरणारी पुस्तकं, उदाहरणार्थ जे अ‍ॅशर यांची 'थर्टीन रीझन्स व्हाय', तिला एकटीला वाचायला देऊ नका, आणि पुस्तकाआधी समुपदेशकाकडे न्या. 'स्पीक'सुद्धा तुम्ही आधी वाचा, मग तिला द्या.

मराठीसाठी: 'शाळा' आणि 'वनवास' आजच घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, पण ते धाकट्या भावंडाला जास्त लागू पडतील. 'श्यामची आई' घरात असेलच. ती कपाटात राहू द्या, मुलीच्या हातातलं इंग्रजी पुस्तक मात्र काढून घेऊ नका.