रिंगमध्ये उतरायच्या आधी

रत्नागिरीत बॉक्सिंगचा क्लास लावलास, झकास! पण पहिले काही आठवडे स्पारिंगचं, म्हणजे जोडीदाराशी सराव लढतीचं, नाव काढू नकोस. हूक, अपरकट वगैरे ठोसे नंतर बघू. आधी पाय.

स्पर्धेची रिंग दोरांच्या आत 6.1 मीटर चौरस असते. बाहेरून ऐसपैस वाटते, आत गेलं की समोरचा दोन पावलांत अंगावर येतो. नवखा घाबरून सरळ मागे सरकतो, पाठ दोराला टेकते, मग कोपरा, आणि तिथे नुसता मार. म्हणून बाजूला सरकायला शीक. हॉलच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आख आणि रेषेवर पाय न देता फिर. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत धावणं दम वाढवायला उत्तम, पण फूटवर्क तिथे नको. पाय रुततो आणि भलतीच सवय लागते.

बाकी थोडक्यात:
- ठोसा मारताना श्वास सोड. नवखे हमखास कोंडून धरतात.
- मारलेला हात लगेच गालापाशी परत आण.
- हाताला पट्ट्या बांधल्याशिवाय पंचिंग बॅगला हात लावायचा नाही.

आणि हो, पावसाळ्यात ग्लोव्हज किटमध्ये कोंबून ठेवलेस तर बुरशी येणारच. आत वर्तमानपत्राचे बोळे घाल, पंख्याखाली ठेव. आईला वास आला तर क्लासच बंद व्हायचा!