रोबोटिक्स की सायकल दुरुस्ती?

कोथरूडहून एका आईंनी लिहिलं आहे: "मुलगा नववीत आहे, मे महिन्यात १४ वर्षं पूर्ण झाली. शाळेने यंदा 'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल' सुरू केलं आहे आणि त्याला भाग घ्यायचाच आहे. हे विचारतात, दहावीला किती मार्क वाढणार? क्लासचे सर म्हणतात, वेळ फुकट जाईल. त्यात कौशल्य म्हणून मी रोबोटिक्स सुचवलं, तर हा म्हणतो सायकल दुरुस्ती शिकणार. काय करू?"

ताई, मार्कांचं उत्तर आधी देते. एकही नाही. दहावीची टक्केवारी, अकरावीची यादी, पुढची जेईई किंवा सीईटी, कुठेच हे धरलं जात नाही. शाळेत कोणी तसं सुचवलं असेल तर विश्वास ठेवू नका. तरीही त्याला जाऊ द्या, असंच मी म्हणेन.

ब्रिटनमध्ये १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी सुरू केलेला हा उपक्रम भारतात १९६२ पासून आहे. १४ ते २४ वयाच्या मुलांसाठी ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. स्वतः ठरवलेलं पुरं केलं की पुरस्कार मिळतो. ब्रॉन्झला सेवा, कौशल्य आणि व्यायाम, प्रत्येकी आठवड्याला साधारण एक तास. दोन गोष्टी तीन महिने, तिसरी सहा महिने. मिळून जेमतेम ५२ तास होतात. चौथा भाग साहसी प्रवासाचा, त्याबद्दल पुढे सांगते. जुलैत सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त उरकेल आणि जानेवारीत, वार्षिक परीक्षेच्या आत, सगळं संपेल. क्लासच्या सरांना हा हिशेब दाखवा.

यातली खरी अट सातत्याची आहे. अनंत चतुर्दशीला घाटावर निर्माल्य गोळा करणं चांगलंच, पण ते एका दिवसाचं काम. इथे दर आठवड्याला जावं लागतं, पाऊस असो वा पाहुणे. सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना मोबाइलवर बिल भरायला शिकवलं तरी चालेल, फक्त ते नात्यातले नसावेत आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

आता सायकल. मला त्याची निवड मनापासून आवडली. रोबोटिक्सच्या क्लासमध्ये बऱ्याचदा तयार किट जोडायचं असतं. इथे गिऱ्हाईकाची सायकल समोर उलटी उभी असते आणि बिघाड आपल्यालाच शोधायचा असतो. पंक्चर काढणं पहिल्या आठवड्यात येईल. वाकड्या रिमचा आऊट काढायला मात्र महिने लागतात: एक स्पोक आवळला की दुसरीकडे ताण बदलतो, चाक फिरवून बघायचं, पुन्हा पाना लावायचा. उद्या मेकॅनिकलला जावंसं वाटलं तर हा हात उपयोगी पडेल. नाही वाटलं, तर तेही त्याला आत्ताच कळेल, चार वर्षांची फी भरल्यावर नाही.

दर आठवड्याला काय केलं, याच्या नोंदी ठेवायच्या असतात. दोन रात्रींत आईने भरलेल्या अशा नोंदी मी पाहिल्या आहेत. बारा आठवडे एकच वाक्य: "आज छान शिकलो." त्या मुलाला मी विचारलं, काय शिकलास? त्याला सांगता येईना, आणि त्याची मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं. एनडीएच्या एसएसबी (लष्करी अधिकारी निवडीच्या) मुलाखतीत आवडीनिवडींवरचे प्रश्न असेच खोलात जातात. तेव्हा नोंदी त्याच्या त्यालाच लिहू द्या, चुकल्या तरी.

आता साहसी प्रवास. ब्रॉन्झला तो दोन दिवस, एक रात्र, चार ते सात जणांच्या गटाने. वाट, शिधा, मुक्काम मुलांनीच ठरवायचा, आधी एक सराव प्रवासही करायचा. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढायची सवय आत्तापासून लावा, व्यायामही होईल. काळजी वाटणारच. शाळेला विचारा: सोबत कोण शिक्षक, प्रथमोपचार कोणाला येतो, मुक्काम कुठे, फीमध्ये नेमकं काय येतं. उत्तरं लेखी मागा.

कौशल्यासाठी घरच्यांखेरीज एक जाणकार मोठं माणूस लागतं, जे प्रगती बघून शेरा देईल. दुकानातले मिस्त्री चालतील का, हे शाळेतल्या अवॉर्डच्या शिक्षकांना त्याने स्वतः विचारावं. मग या रविवारी दुकानात त्याला एकट्याला जाऊ द्या. "काका, आठवड्यातून एक तास शिकवाल का?" हे त्याचं त्यालाच म्हणू दे.