आजोबांची सायकल कोणत्या कंपनीची, किती जुनी?

प्रश्न : घरात आजोबांची काळी सायकल आहे. पुढचा बिल्ला गेलाय, रंग पुन्हा मारलेला. मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबवर ‘एडब्ल्यू ५२ ६’ असं कोरलंय. कंपनी आणि साल कसं कळेल?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हब स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा, तीन गिअरचा, जून १९५२ चा. पण हे साल हबचं. चाक नंतर बदललेलं असू शकतं, म्हणून एवढ्यावर सायकलचं वय ठरवू नका.

कंपनीसाठी आधी पेडलजवळचं दातेरी चाक बघा. त्यात बगळ्यांची डोकी कापलेली असतील तर रॅले, पंजा असेल तर रज, ‘बीएसए’ अक्षरं असतील तर बीएसए. मात्र रॅले असली तरी ती इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या मूळ कारखान्यातलीच असं नाही. १९५० च्या दशकात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला होता. बिल्ल्याची भोकं रंगाखाली बुजलेली असतात. ती वर-खाली आहेत की आडवी, आणि त्यांच्यातलं अंतर, मोजून ठेवा; मूळ बिल्ल्याशी जुळवता येतं.

फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर किंवा खाली क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) नळीवर शोधा. रॉकेलचा बोळा फिरवा, मऊ ब्रशने घासा, सुकल्यावर खडू चोळा. अंक उठून दिसतात. पॉलिश पेपर अजिबात नको, उथळ ठसे कायमचे जातात.

आणि मिस्त्रीला बजावून सांगा : रॅलेच्या क्रँकच्या वाट्यांना (नळीत दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या बेअरिंगच्या कपांना) इंचाला २६ आटे असतात, बाजारातल्या वाट्यांना बहुधा २४. जबरदस्तीने बसवल्या तर फ्रेमचे आटे मरतात.