स्टारफ्लाइटचा सेव्ह उडाला? व्हायरस नाही, खिडकी बंद केलीत

तुम्ही लिहिलंय की काल डॉसबॉक्सची (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामची) खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली आणि आज स्टारफ्लाइट हा अंतराळ सफरीचा गेम 'मागचा खेळ सेव्ह झाला नव्हता, डेटा विस्कटलाय' म्हणून अडून बसलाय. हे दुखणं जुनं आहे. अँटीव्हायरस चालवू नका, काही सापडणार नाही.

1986 चा हा गेम 360 केबीच्या दोन फ्लॉपींत बसवलेला आहे, बहुतेक भाग फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत. त्यात 270 तारे आणि 800 ग्रह. जागा वाचवायला ग्रहांचे नकाशे साठवलेलेच नाहीत, ते उतरताना सूत्रावरून तयार होतात. वेगळी सेव्ह फाइलही नाही. तुम्ही खेळता तसे बदल थेट स्टारए.कॉम आणि स्टारबी.कॉम या गेमच्याच फाइलींत लिहिले जातात. मधेच खिडकी बंद केली की अर्धं लिहिलेलं, अर्धं राहिलेलं. डॉसबॉक्स तडक बंद करणाऱ्या कंट्रोल-एफ9 चाही परिणाम तोच.

विस्कटलेली प्रत दुरुस्त होत नाही, नाद सोडा. विकणाऱ्यांच्या मदतकक्षाला विचारलं तर 'काढून पुन्हा इन्स्टॉल करा' एवढंच छापील उत्तर येतं. तसं केल्यावर गेम चालू होतो, हे खरं. पण जुन्या फोल्डरात चांगला सेव्ह पडलेला असेल तर तोही पुसला जातो, हे कुणी सांगत नाही. आधी अख्खं फोल्डर दुसरीकडे उचलून ठेवा, मगच हात लावा.

पुढे असं करा: न खेळलेलं कोरं फोल्डर 'मूळ' नावाने बाजूला ठेवा आणि त्याला कधीच हात लावू नका. खेळायचं ते त्याच्या प्रतीत. गेमच्या आतून सेव्ह करून बाहेर पडलात की अख्ख्या फोल्डरची तारीख घालून प्रत काढा. एक एमबीसुद्धा भरत नाही, कंजुषी कशाला? सेव्ह एकच असतो, त्यामुळे जहाज फुटलं तर परतायला हीच प्रत.

डॉसबॉक्समध्ये सायकल्स (म्हणजे गेम चालण्याचा वेग) 'मॅक्स' ठेवू नका. हजारच्या आसपास सुरू करून कंट्रोल-एफ11 आणि एफ12 ने जुळवा. हे सगळं पीसी आवृत्तीबद्दल. 1991 ची सेगा जेनेसिसची आवृत्ती वेगळी, तिथे हे लागू नाही.

आता नव्याने सुरू करतच आहात तर: उतरण्याआधी विज्ञान अधिकाऱ्याकडून सेन्सर आणि मग अ‍ॅनालिसिस, दोन्ही करून घ्या. गुरुत्व 8 जी च्या (पृथ्वीच्या आठपटीच्या) वर असेल तर जहाज चिरडतं. वसाहतीसाठी ग्रह सुचवताना घाई नको, चुकीच्या शिफारशीला दंड बसतो. आणि थ्रिन व एलोवान या गेममधल्या दोन परग्रही जमातींचं हाडवैर आहे. एलोवानांकडून माहिती काढायची असेल तर दलात थ्रिन घेऊ नका, माझं तरी हेच मत. एन्ड्युरियमबद्दल (जहाजाच्या इंधनाबद्दल) मात्र मी तोंड उघडणार नाही. कुठे वाचूही नका.